एका दिवसाचे दप्तर

पीक कर्जाच्या अर्जासोबत शेतकरी सातबाऱ्याचा आणि आठ-अचा उतारा जोडतो. शाखेतील अधिकारी त्यावर नजर फिरवतो, खातेदारांची नावे अर्जाशी ताडून पाहतो, 'इतर हक्क' या रकान्यात आधीचा बोजा आहे का ते तपासतो आणि कागद प्रकरणाला टाचतो. आपणा बँकेच्या माणसांचा त्या उताऱ्याशी संबंध बहुधा एवढाच. उताऱ्यावरचे प्रत्येक नाव तेथे कसे आले, ते लिहिण्यापूर्वी कोणी कोणाला काय विचारले आणि एखादे नाव राहून गेले तर पुढे काय होते, हे आपल्या काउंटरवरून दिसत नाही.

ते पाहायचे असेल तर महसूल खात्यात नव्याने दाखल झालेल्या एखाद्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यासोबत एक दिवस काढावा. जुन्या जाणत्या अधिकाऱ्याच्या हाताला सगळे सवयीचे झालेले असते. नवख्याला मात्र प्रत्येक गोष्ट विचारून घ्यावी लागते, आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे आपल्यालाही आयतीच मिळतात.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत हे तीन टप्पे पार केल्यावर उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, नायब तहसीलदार अशा पदांवर निवड होते. निवड झाली म्हणजे खुर्ची मिळाली असे मात्र नाही. पुण्याची 'यशदा' किंवा नागपूरची 'वनामती' यांसारख्या संस्थांतील वर्गप्रशिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष जिल्ह्यातील प्रशिक्षण अशी उमेदवारी करावी लागते. बँकेत नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपण परिविक्षाधीन म्हणतो आणि रोकड, ठेवी, कर्जे अशा एकेका विभागात बसवून शिकवतो. त्यामुळे ही अवस्था आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.

येथे रेखाटलेला दिवस मराठवाड्यातील एका तालुक्यातला, मे महिन्याच्या अखेरचा आहे. त्यातील प्रशिक्षणार्थी ही कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. अशा अनेकांच्या दिवसांतून तिचे चित्र जुळवले आहे. विज्ञान शाखेची पदवीधर, पंचविशीतली, शहरात वाढलेली आणि तहसीलदार पदासाठी निवड झालेली अशी एक तरुणी आपण डोळ्यांसमोर आणू.

सकाळी साडेसहा : चावडी

तिचा दिवस कचेरीत सुरू होत नाही, गावात सुरू होतो. मे महिन्यात नऊनंतर उन्हात उभे राहवत नाही आणि आठ वाजले की माणसे शेताकडे निघून जातात. गावकऱ्यांना भेटायचे तर त्यांच्या वेळेला भेटावे, हा तिने जिल्ह्यात आल्यावर शिकलेला पहिला नियम. आपल्या दुचाकीवरून ती सव्वासहाला तलाठी सज्जावर पोहोचते. तलाठ्याचे पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले आहे, पण गावाच्या तोंडी तो अजून तलाठीच आहे. त्याच्या आणि तहसील कार्यालयाच्या मधला दुवा म्हणजे मंडळ अधिकारी. त्याला गावकरी 'सर्कल' म्हणतात.

सध्या तिचा मंडळ अधिकाऱ्याच्या कामाचा अनुभव घेण्याचा टप्पा चालू आहे. ज्यांच्याबरोबर तिला जोडून दिले आहे त्या गृहस्थांची वीस-बावीस वर्षे नोकरी झाली आहे. ते तिला 'मॅडम' म्हणतात, ती त्यांना 'सर' म्हणते. उद्या पदाने तिच्या हाताखाली येणारा हा माणूस आज तिचा गुरू आहे, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

गावच्या जमिनीचा आणि महसुलाचा सारा हिशेब एकवीस गाव नमुन्यांत मांडलेला असतो. त्यांतील सातवा नमुना म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारावा म्हणजे पिकांची नोंदवही. या दोहोंचा एकत्र उतारा तोच आपला सातबारा. जमीन विकली, वाटून घेतली, गहाण ठेवली किंवा खातेदार वारला, तर त्या बदलाची नोंद प्रथम सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. या सर्व व्यवहाराला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याचा आधार आहे. आपल्या बँकेतील जे सहकारी इतर राज्यांत काम करतात, त्यांना हीच गोष्ट वेगळ्या नावांनी भेटत असेल. उत्तर प्रदेशात लेखपाल खतौनी ठेवतो, मध्य प्रदेशात पटवारी खसरा लिहितो, कर्नाटकात शेतकरी 'पहाणी' घेऊन शाखेत येतो, तर गुजरातेत तलाटी आणि सातबारा ही आपल्या ओळखीचीच नावे चालतात. नावे निराळी असली तरी जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव असावे हा प्रश्न सगळीकडे एकच आहे.

तीन बोटे

त्या सकाळी चावडीवर वारस नोंदीची प्रकरणे होती. खातेदार वारल्यानंतर वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर त्याचेच नाव राहते, ही राज्यभरची जुनी दुखणी. ती दूर करण्यासाठी महसूल विभागाने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' ही मोहीम राज्यभर हाती घेतली. त्याआधी बुलढाणा जिल्ह्यात हा प्रयोग झाला होता. गावात वाचन करून मृत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागदपत्रे घ्यायची, स्थानिक चौकशी करायची आणि नावे लावायची, असा तो क्रम.

तिच्या हाती आलेल्या प्रकरणात जमीन १ हेक्टर ४२ आर. खातेदार दिवाळीच्या सुमारास वारलेला. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे शपथपत्र. वारस म्हणून पत्नी आणि दोन मुलगे. थोरला शहरात कंपनीत कामाला, धाकटा शेती करणारा. कागदोपत्री प्रकरण नीटनेटके होते. तिने अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि कोणाची हरकत आहे का, असे विचारले. कोणी बोलले नाही.

खरे तर येथे थांबता आले असते. पण चौकशी म्हणजे नुसते वाचन नव्हे, समोर बसलेल्या माणसाला विचारावे, असे तिला शिकवलेले होते. भिंतीला टेकून बसलेल्या आईजवळ जाऊन तिने विचारले, "मावशी, लेकरं किती तुम्हाला?"

बाईने बोटे मोडली. "थोरला, मधली अन् हा धाकला. तीन." मग थोरल्याकडे पाहून ती म्हणाली, "म्हंजी... दोन."

चावडीवर क्षणभर शांतता पसरली. थोरला पुढे झाला. "मॅडम, बहिणीचं लग्न होऊन बारा वर्षं झाली. शेजारच्या तालुक्यात दिली आहे. तिला काही नको, ती मागतही नाही. उगाच नाव कशाला?"

त्याच्या बोलण्यात लबाडीपेक्षा रुळलेली समजूत अधिक होती. गावोगाव हेच उत्तर मिळते. कायदा मात्र स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. बहिणीला वाटा नको असेल तर तिने तसे रीतसर लिहून द्यावे. तिच्या वतीने ते भावाने ठरवता येत नाही.

ती हे सांगू लागली तसा धाकटा कळवळून म्हणाला, "मॅडम, तिचं नाव लावा नाहीतर नका लावू, पण मिरग तोंडावर आला. बाबांच्या नावाचं कर्ज तसंच आहे. नावं लागल्याशिवाय बँक नवं कर्ज देईना. बियाणं, खत कशातून आणू? का पुन्हा सावकाराच्या दारात जाऊ?"

दिवसाची खरी परीक्षा ही होती. अर्ज आहे तसा पुढे गेला असता तर धाकट्याचे काम लवकर झाले असते, पण एका बाईचे नाव तिच्या वडिलांच्या जमिनीवरून कायमचे पुसले गेले असते. अर्ज परत केला तर कायदा पाळला गेला असता, पण पेरणीचा हंगाम हातचा निसटला असता. तिने मंडळ अधिकाऱ्यांकडे पाहिले. सही त्यांची होती, तिला नुसता अभिप्राय लिहायचा होता. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वारस आपण ठरवत नसतो, शोधत असतो. सापडला की लिहायचा. आता राहिला वेळेचा प्रश्न, तर तो आजच सोडवायला घ्या."

वेळेचे गणित असे होते. फेरफार अजून पडलेला नव्हता, प्रकरण वारस चौकशीच्या टप्प्यावरच होते. बहिणीचे नाव घालून सुधारित शपथपत्र आले तर वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क नमुन्यात दुरुस्ती होऊन त्याच दिवशी फेरफार धरता आला असता. त्यानंतर संबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे पंधरा दिवस कोणालाही कमी करता येत नाहीत. आज काम झाले तर जूनच्या मध्यापर्यंत नावे लागण्याची आशा. आठ दिवसांनी झाले तर पेरण्या उरकून गेलेल्या. तिने धाकट्याला कागदावर चार ओळी लिहून दिल्या: काय आणायचे, कोणाकडे द्यायचे, आणि बहिणीशी त्यानेच बोलायचे.

पावणेदहा : सहा गठ्ठे

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. पावणेदहाला ती तहसील कार्यालयात तिला दिलेल्या टेबलाशी असते. टेबल एका कोपऱ्यात, अभिलेख कक्षाच्या दाराशी आहे. जुन्या कागदांचा आणि कापडी बस्त्यांचा वास तेथे कायम दरवळत असतो.

सकाळचे टपाल आले की प्रत्येक पत्राची आवक नोंद होते आणि ते ज्याच्या कामाचे त्याच्या टेबलावर जाते. तेथे ते कार्यविवरण नोंदवहीत उतरते. मग त्याची संचिका होते, संचिकेवर टिप्पणी लिहिली जाते आणि ती एकेक पायरी चढत निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती रखडपट्टी वाटते. परंतु कोणी, केव्हा, कशाच्या आधारे काय ठरवले हे वीस वर्षांनी शोधता येते ते याच पद्धतीमुळे. आपल्या कर्जप्रकरणातील शिफारस आणि मंजुरीचे कागद आठवले तर हा हेतू लगेच ध्यानात येईल.

टेबलावरच्या कागदांची मांडणी 'सहा गठ्ठे' पद्धतीने करायची असते. प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक काळाने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षाकडे पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे. कार्यालयीन शिस्तीची चर्चा निघाली की 'लखिना पॅटर्न'चेही नाव निघते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात कागदपत्रांची मांडणी, बसण्याची व्यवस्था आणि कामाची रीत यांत ज्या सुधारणा केल्या, त्या या नावाने प्रसिद्ध झाल्या. जुने कागद बाहेर गेले, वाटा मोकळ्या झाल्या आणि आलेल्या माणसाला आपले काम कोणाकडे आहे ते दिसू लागले, एवढ्या साध्या गोष्टींचा तो प्रयोग होता.

पहिल्या आठवड्यात तिने एका प्रकरणावर दोन पानी टिप्पणी लिहिली होती. कायद्याची कलमे, पूर्वपीठिका, दोन्ही बाजू सारे काही त्यात होते. तहसीलदारांनी ती वाचून खाली एकच वाक्य लिहिले, 'मग करावयाचे काय?' तेव्हापासून ती शेवटचा परिच्छेद आधी लिहिते. कोणते पर्याय आहेत, त्यांतील कोणता योग्य आणि का, हे सांगितल्याशिवाय टिप्पणी पूर्ण होत नाही, हे तिला त्या वाक्याने शिकवले.

संचिका किती दिवस टेबलावर ठेवावी यालाही कायद्याचे बंधन आहे. २००५ च्या ज्या अधिनियमाला सारे 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात, त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे संचिका सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. सकाळचा धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. सात दिवस ही कायद्याने दिलेली मुभा असली तरी त्याच्यासाठी सात दिवस म्हणजे अर्धा हंगाम, हे तिला आज प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

दुपार : दाराशी आणि बैठकीत

अकरापासून दीडपर्यंत अभ्यागतांची वेळ. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे दोन महिने जमा झाले नाहीत म्हणून आलेल्या एका आजींचे खाते आधारशी जोडायचे राहिले होते. आजींनी तीन चकरा मारल्या होत्या, कारण कचेरी त्यांना बँकेत पाठवत होती आणि बँक कचेरीत. प्रशिक्षणार्थीने शाखेचा आणि टेबलाचा नेमका उल्लेख असलेली चिठ्ठी दिली आणि शाखेत दूरध्वनी करून त्या येत असल्याचे सांगितले. पाच मिनिटांचे काम, पण ते कोणीतरी आपले म्हणून करावे लागते.

जेवणापूर्वी तहसीलदारांसमोर शेतरस्त्याच्या एका वादाची सुनावणी होती. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शंभराहून अधिक वर्षांचा हा कायदा आजही तालुक्याच्या ठिकाणी रोजच्या वापरात आहे. ती बाजूला बसून दोन्ही पक्षांचे जबाब टिपून घेते. न्यायनिवाड्याची भाषा पुस्तकातून येते; कोण खरे बोलतो आहे हे ओळखण्याची नजर मात्र अशा सुनावण्यांतूनच तयार होते.

दुपारी तीन वाजता तालुक्यातील बँकांची बैठक होती. खरिपापूर्वी पीक कर्जवाटपाचा आढावा हा तिचा विषय. अशा बैठकांच्या मागे अग्रणी बँक योजना आहे, आणि तिच्याशी एका मराठी अर्थतज्ज्ञाचे नाव जोडलेले आहे. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी विशिष्ट क्षेत्राची जबाबदारी घेऊन काम करावे अशी शिफारस केली. त्याच वर्षी नरिमन समितीने या विचाराला पुष्टी दिली आणि डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने योजना सुरू केली. बँकांचे राष्ट्रीयीकरण त्याच वर्षीच्या १९ जुलैचे. बँकेचे दार खेड्यातील माणसासाठी उघडावे आणि त्या दाराशी जिल्हा प्रशासनही उभे असावे, असा दोहोंचा मेळ त्यातून घातला गेला.

बैठकीनंतर चहाच्या वेळी तिने शाखाधिकाऱ्यांपुढे सकाळचे प्रकरण ठेवले. त्यांचे उत्तर ऐकून तिला नवल वाटले. ते म्हणाले, "मॅडम, बहिणीचे नाव राहिले असते तर आज कर्ज दिले असते, पण उद्या तिने हरकत घेतली असती तर आमचाच बोजा वादात सापडला असता. आम्हाला कमी नावे नकोत, पुरी नावे हवीत." वारसांची भीती बँकेला वाटत नाही, अपुऱ्या अभिलेखाची वाटते, हे तिने वहीत टिपून घेतले.

पुढची वाटही तेथेच निघाली. नोंद प्रमाणित होईपर्यंत कर्जवाटप शक्य नव्हते. पण अर्ज, ओळखपत्रे, पिकाची माहिती आणि वडिलांच्या थकीत खात्याचा हिशेब ही तयारी या पंधरा दिवसांत करून ठेवता येणार होती. नावे लागलेला सातबारा हाती येताच मंजुरीचा कागद पुढे सरकवता यावा, एवढी काळजी शाखेने घ्यायचे मान्य केले. वेळेत फेडणाऱ्याला व्याजात किती दिलासा मिळतो तेही त्यांनी समजावून सांगितले. केंद्राच्या सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीक कर्जाला व्याजदर ७ टक्के असतो आणि मुदतीत परतफेड केल्यास आणखी ३ टक्क्यांची सूट मिळते. सावकाराच्या दाराशी गेलेल्या माणसाला यातले काहीच मिळत नाही.

पावणेसहा : एक झेरॉक्स

कचेरी आवरायच्या बेतात होती. शिपायाने कपाटांच्या किल्ल्या काढल्या होत्या. तेवढ्यात धाकटा भाऊ दारात उभा राहिला. अंगावरचा शर्ट घामाने भिजलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. दुपारच्या उन्हात तो दुचाकीवरून बहिणीच्या गावी जाऊन आला होता. पिशवीत तिच्या आधारकार्डाची झेरॉक्स आणि चौघांच्या सह्यांचे नवे शपथपत्र होते. थोरल्याची सही सर्वांत खाली, किंचित घाईत केलेली, पण होती.

"काय म्हणाली बहीण?" तिने विचारले.

"आधी काही बोललीच नाही, मॅडम. आईनं नाव घेतलं म्हणून सांगितलं, तर रडली. मग म्हणाली, नाव लावा, पण माझ्यापायी पेरणी अडवू नका. कर्जाच्या कागदावर सही लागली तर सांग, पहिल्या गाडीनं येते."

मंडळ अधिकारी त्या दिवशी मुद्दाम कचेरीतच थांबले होते. त्यांनी कागद तपासले, तलाठ्याला दूरध्वनी केला. वारस नोंदवहीत चार नावे घातली गेली आणि संगणकावर फेरफार धरला गेला. तिने चौकशीचा अभिप्राय लिहिला. या वेळी तो आठ ओळींचा होता आणि शेवटच्या ओळीत काय करावयाचे ते स्पष्ट होते. खाली मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली. तिची सही कोठेही नव्हती, आणि त्या कागदावर ती असण्याचे कारणही नव्हते.

पुढचे पंधरा दिवस कसे जातील ते त्या संध्याकाळी कोणालाच ठाऊक नव्हते. हरकत येऊ शकत होती, पाऊस लवकर किंवा उशिरा येऊ शकत होता. जे आजच्या दिवसात करता येण्याजोगे होते, ते मात्र आज झाले होते.

रात्र : रोजनिशी

रात्रीचे जेवण झाल्यावर ती प्रशिक्षणाची रोजनिशी लिहिते. प्रत्येक दिवशी काय पाहिले, काय केले, काय शिकले याची नोंद ठेवून ती वरिष्ठांना सादर करायची असते. त्यानंतर तासभर विभागीय परीक्षेचा अभ्यास, कारण परिविक्षा कालावधीत तीही उत्तीर्ण व्हावी लागते. त्या रात्री रोजनिशीत तिने चावडी वाचन, टपाल, सुनावणी, बँकांची बैठक अशी कामे क्रमाने लिहिली. 'काय शिकले' या रकान्यात मात्र तिची लेखणी थोडी रेंगाळली. अखेर तिने लिहिले : 'अर्जात तीन नावे होती. आईने तीन बोटे मोडली. बेरीज सारखीच होती, माणसे वेगळी होती. विचारले नसते तर कळले नसते.'

प्रशासनातील प्रशिक्षणाचा अर्थ यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. कायदा वर्गात शिकता येतो, नमुने पाठ करता येतात, टिप्पणी लिहिण्याचा सराव होतो. आपण उद्या ज्या सहीचा अधिकार वापरणार आहोत, तिच्या खाली कोणाचे घर, कोणाची पेरणी आणि कोणाचे माहेर दबलेले असते, हे मात्र सहीचा अधिकार हाती येण्यापूर्वीच पाहून घ्यावे लागते. ही मधली काही महिन्यांची उमेदवारी त्यासाठीच असते. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

खातेदारांसाठी चार गोष्टी

या निमित्ताने आपल्या शेतकरी खातेदारांना चार गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते.

खातेदार वारल्यास वारस नोंदीचा अर्ज लवकर करावा. जमिनीत मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत द्यावी, अशी संहितेचीच अपेक्षा आहे. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो.

अर्जात सर्व वारसांची नावे द्यावीत. विवाहित मुलीचे नाव गाळल्याने काम सोपे होत नाही, पुढे ढकललेला वाद तेवढा मोठा होतो.

कर्ज फेडल्यावर शाखेकडून कर्ज निरंक झाल्याचा दाखला मागून घ्यावा आणि सातबाऱ्यावरील बोजा कमी करण्याचा अर्ज करावा. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही.

वर्षातून एकदा तरी आपला सातबारा काढून वाचावा. नाव, क्षेत्र, पीक आणि इतर हक्क या चार ठिकाणी नजर टाकली तरी पुरे.

पीक कर्ज मागायला आलेला शेतकरी आपल्या हाती सातबारा ठेवतो, तेव्हा त्यावरील नावांकडे यापुढे क्षणभर अधिक पाहावे. त्यांतील एखादे नाव तेथे यावे म्हणून मे महिन्याच्या उन्हात कोणीतरी दुचाकीवरून शेजारच्या तालुक्यात जाऊन आलेले असेल.